यादी काढणाऱ्यास, दिंद्रुडहून

प्रति,
यादी काढणारे महाशय,

विषय : यादीत न आलेल्या माणसांबाबत.

महाशय,

तुमचं नाव मला माहीत नाही. यादीवर छापल्याची तारीख असते, सही-शिक्क्याला जागा असते, पण ती संगणकातून कोणी काढली हे कुठंच लिहिलेलं नसतं. तुम्ही कुठल्या शहरात, कुठल्या खुर्चीवर बसता हे मला शोधायचं नाही. तुमचं काम मात्र मी लांबूनही ओळखतो, कारण दर हंगामात तीच खोट घेऊन ते माझ्या टेबलावर येऊन पडतं.

मी बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात, दिंद्रुडला, सेवा केंद्रात बसतो. पीकविमा, अनुदान, कर्जमाफी, सातबारा, आठ अ अशी सगळी कामं या टेबलावरून जातात. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस धो धो कोसळला, सिंदफणेला पूर आला, काढणीला आलेलं सोयाबीन आणि बोंडावरचा कापूस पाण्यात बसला. पंचनामे झाले. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक चिखल तुडवत बांधावर गेले आणि नावं, गट, क्षेत्र लिहून आले. ती माहिती संगणकातल्या टेबलांत भरली गेली. इथवर चुका झाल्या असतील तर त्या ज्याच्या त्याच्या. मला बोलायचंय ते त्यापुढच्या पायरीबद्दल, जिथे टेबलात साठलेल्या माहितीतून तुम्ही यादी काढता.

ती यादी आमच्याकडे व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येते. अनुक्रमांक, विशिष्ट क्रमांक, गाव, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम. ज्याला नाव सापडतं तो केवायसीचा अंगठा द्यायला रांगेत उभा राहतो. ज्याला सापडत नाही तो मला विचारतो, "माझं का नाही?" त्याचं उत्तर तुमच्यापाशी असतं, आणि तुम्ही ते छापत नाही.

माझा तुमच्यावर आरोप एकच आहे. टेबलात असलेली माणसं कागदावर येताना तुमच्या हातून गळतात, आणि ती गळली हे तुम्ही कुणाला कळू देत नाही. खाली एकेक करून सांगतो. तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगतो, म्हणजे "तांत्रिक अडचण" या दोन शब्दांमागे तुम्हाला लपता येणार नाही.

सुरुवात जॉइनपासून करू. शेतकऱ्यांचं एक टेबल, बँक खात्यांचं दुसरं, आधारचं तिसरं. तिन्ही जोडून तुम्ही एक यादी करता. जोडताना तुम्ही इनर जॉइन लिहिता. त्याचा अर्थ तुम्हाला पक्का माहीत आहे : ज्याची ओळख तिन्हीकडे सापडली तोच आत, बाकीचे बाहेर. ज्या म्हाताऱ्याचं बँक खातं जोडायचं राहिलं, त्याची जमीन बुडालेली आहे, पंचनामा झालेला आहे, नाव टेबलात आहे, आणि तरी तो यादीत नाही. इनर जॉइन ओरडत नाही, लाल अक्षरात चूक दाखवत नाही. ओळ गुपचूप नाहीशी होते. त्याच जागी लेफ्ट जॉइन लिहिला असता तर म्हाताऱ्याचं नाव आलं असतं आणि खात्याचा रकाना रिकामा दिसला असता. तो रिकामा रकाना पाहून मी त्याला म्हटलं असतं, "काका, पासबुक घेऊन या, एवढंच राहिलंय." एका शब्दाचा हा फरक आहे, आणि त्या एका शब्दापायी माणूस तालुक्याच्या गावाला हेलपाटे घालतो. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज तुमच्या खिशातून जात नाही.

आता रिकाम्या रकान्याकडे या. तुमच्या भाषेत त्याला नल म्हणतात, आणि त्याचा स्वभाव तुम्ही पहिल्याच वर्षी शिकलेला असता. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी जागाही नव्हे. नल म्हणजे "ठाऊक नाही". "ठाऊक नाही" हे अमुकाच्या बरोबर आहे का, असं विचारलं तर उत्तर येतं "ठाऊक नाही". बरोबर नाही का, असं विचारलं तरी उत्तर तेच. आता तुमची क्वेरी बघा. तुम्ही लिहिलंत की ज्यांचा शेरा 'अपात्र' नाही ते सगळे द्या. ऐकायला किती उदार! पण ज्याची पडताळणी अजून झालीच नाही त्याच्या शेऱ्यात नल आहे. नल 'अपात्र' नाही का? ठाऊक नाही. म्हणून तोही बाहेर. ज्याला कोणीही अपात्र ठरवलेलं नाही अशा माणसाला तुमच्या 'व्हेअर'च्या अटीनं अपात्रांच्या रांगेत नेऊन बसवलं. ना सुनावणी, ना नोटीस, ना कारण.

नलचा आणखी एक उद्योग आमच्याकडच्या बायकांना जास्त भोवतो. नाव तीन रकान्यांत साठवलेलं असतं : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. पूर्ण नाव छापायला तुम्ही तिन्ही जोडता. पोस्टग्रेस या डेटाबेसात दोन उभ्या रेघांनी जोडलं, किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसात कॉनकॅटनं जोडलं, की तिघांतला एक जरी नल असला तरी सगळं नाव नल होतं. एखाद्या विधवेनं मधलं नाव दिलं नाही, किंवा एकल बाईनं फक्त नाव आणि आडनाव सांगितलं, तर यादीत तिच्या गट नंबरासमोर नावाची जागा कोरी येते. गट आहे, क्षेत्र आहे, रक्कम आहे, बाई नाही. कोरं नाव घेऊन ती बँकेत गेली तर तिला कोण दाद देणार? यावरचा उपाय कोॲलेस हा एक शब्द आहे : मधलं नाव नसेल तर रिकामी अक्षरं धर आणि पुढे चल. तो लिहायला तुम्हाला पाच सेकंद लागतील.

आता क्षेत्र. आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं लिहितात. शंभर आरचा एक हेक्टर. म्हणून एक हेक्टर पन्नास आर म्हणजे 1.50, आणि एक हेक्टर पाच आर म्हणजे 1.05. हा टिंब शाळेतल्या दशांशासारखा दिसतो, आणि इथेच तुम्ही घोळ घालता. हेक्टर एका रकान्यात, आर दुसऱ्या रकान्यात. तुम्ही 1 आणि 5 घेतले, मध्ये टिंब टाकला आणि 1.5 छापलं. पाच आरचे पन्नास झाले. दुसऱ्या कुणी 1.50 एक्सेलमधून काढलं, एक्सेलनं मागचं शून्य खाल्लं आणि तेही 1.5 छापलं गेलं. कागद हातात घेणारा ते एक हेक्टर पाच आर असं वाचतो. एकाच कागदावर 1.5 या आकड्याचे दोन अर्थ, आणि दोघांच्या मधलं अंतर 45 आर, म्हणजे एकराहून थोडं जास्त. जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपयांचा दर धरला तर एक हेक्टर पन्नास आरला 12,750 रुपये येतात, आणि एक हेक्टर पाच आरला 8,925. फरक 3,825 रुपयांचा. ज्याच्या घरात रब्बीच्या बियाण्याला पैसा नाही त्याला हे 3,825 रुपये विचारा. आरचा आकडा दोन अंकी छापायचा, पाच असेल तर 05 छापायचा, एवढाच नियम होता. कुठलाही डेटाबेस तो पाळतो, सांगितलं तर.

गट नंबराचं काय केलंत तेही ऐका. जमिनीच्या वाटण्या झाल्या की गटाचे पोटहिस्से पडतात : 12/1, 12/2, 12/3. तुम्ही टेबलातली माहिती सीएसव्हीमध्ये उतरवली आणि ती फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली. एक्सेलनं 12/3 पाहिलं, ही तारीख आहे असं ठरवलं, आणि पोटहिस्स्याचा केला 12 मार्च. शेजारचा 145/2 तारीख होऊ शकत नाही, म्हणून तो तसाच राहिला. त्यामुळे पान वरवर चाळणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. तिसऱ्या भावाच्या वाटणीचा तुकडा मात्र पंचांगात गेला. बँक खात्याचं त्याहून वाईट. सोळा आकडी खाते क्रमांक एक्सेलनं संख्या म्हणून वाचला की पंधरा आकडे टिकतात, सोळाव्याच्या जागी शून्य बसतं. सुरुवातीला शून्य असलेला क्रमांक असेल तर ती शून्यं गळून जातात. बारा आकडी क्रमांक 1.23457ई+11 असा दिसायला लागतो. तुम्ही हे पाहिलं, रकाना थोडा रुंद केला, आणि पुढे पाठवलं.

हे फक्त आमच्याकडे घडतं असं समजू नका. जगभरचे शास्त्रज्ञ याच खोडीनं बेजार झाले. मानवी जनुकांपैकी काहींची नावं 'मार्च-1', 'सेप्ट-1' अशा घाटाची होती. एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं, आणि छापून आलेल्या शोधनिबंधांत त्या चुका सापडत होत्या. शेवटी 2020 साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. त्यांना नावं बदलता आली. आम्हाला आमच्या पोटहिस्स्याचा नंबर बदलता येत नाही. तो मोजणी होऊन, फेरफार होऊन, सातबाऱ्यावर चढलेला आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठवड्यातले 15,841 कोरोनाबाधित मोजणीतून सुटले. कारण काय, तर माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती, आणि तिच्यात 65,536 ओळींच्या पुढे जागाच नसते. पुढच्या ओळी गेल्या. ज्यांच्या सहवासात ते रुग्ण आले होते त्यांना वेळेवर कळवलं गेलं नाही. तिथे त्याचा जाब सरकारला संसदेत द्यावा लागला. तुम्हाला आजवर कोणी जाब विचारलाय?

आता सामाईक खात्याकडे या. बाप वारला की वारसाचा फेरफार होतो आणि एका गटावर दहा, पंधरा, वीस नावं चढतात. तुम्ही ती सगळी एका चौकोनात बसवण्यासाठी स्वल्पविराम देऊन एकत्र करता. मायएसक्यूएल वापरत असाल तर ग्रुप कॉनकॅट वापरता. त्याची मर्यादा मुळात 1,024 बाइटची आहे, आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षरखुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे काना-मात्रा धरून 341 खुणा झाल्या की पुढचं कापलं जातं. पूर्ण नावं सोळा-सतरा बसतात. अठरावं नाव गेलं. डेटाबेस एक इशारा देतो, जो तुम्ही वाचत नाही. आता आमच्याकडचे वारस फेरफार काढून बघा. बऱ्याच फेरफारांत आधी मुलगे, मग त्यांच्या खाली मुली. कापलं जातं ते शेपूट. महाराष्ट्रानं 1994 साली कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. देशानं तो 2005 साली दिला. विधिमंडळानं दिलेला हक्क तुमच्या 1,024 बाइटांनी कागदावरून उडवला. ती मर्यादा वाढवायला एक ओळ पुरते.

नावाच्या लिपीबद्दल मला राग येतो तो सगळ्यांत जास्त. बँकेत नाव रोमन लिपीत असतं. तुम्ही ते यंत्राकडून मराठीत करून घेता. धोंडिबाचा धोंदिबा होतो, मुंडेंचं मुंदे होतं, तिडकेंचं तिदके होतं. यंत्राला ड आणि द यांतला फरक रोमनमध्ये दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सातबाऱ्यावरचं मराठी नाव त्याच डेटाबेसात शेजारच्या टेबलात पडलेलं असतं. ते उचलायचं सोडून तुम्ही परक्या लिपीतून उलट फेऱ्यानं त्याचं विडंबन करून आणता. मग तो माणूस आधार, पासबुक आणि सातबारा घेऊन "हा मीच" असं सिद्ध करत फिरतो. कुऱ्हाडे आणि गोऱ्हे यांचं दुखणं आणखी वेगळं आहे. त्या नावांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, डेटाबेसाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका टेबलात एक प्रकार, दुसऱ्यात दुसरा, की जुळणी फसली आणि तुमचा इनर जॉइन आहेच माणूस बाहेर टाकायला. जोडण्याआधी दोन्हीकडचा अर्धा र एकाच प्रकारात आणून घ्यायला काय हरकत आहे?

क्रमाचंही सांगून टाकतो. एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञानं 1970 साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली तेव्हाच सांगून ठेवलं की टेबलातल्या ओळींना आपला असा क्रम नसतो. क्रम मागावा लागतो; त्यासाठी ऑर्डर बाय आहे. तुम्ही तो लिहीत नाही. मग चाळीस पानांच्या पीडीएफमध्ये एकाच घरातले तीन भाऊ पान 3, पान 19 आणि पान 36 वर सापडतात, आणि ज्याला मोबाइलवर बोट फिरवायची सवय नाही तो दहाव्या पानावर थकून "आपलं नाही आलं" म्हणत घरी जातो. त्याचं नाव 36व्या पानावर असतं. पडद्यावर दहा-दहा ओळी दाखवणाऱ्या यादीत ऑर्डर बाय नसेल तर काही ओळी दोनदा येऊ शकतात आणि काही कधीच येत नाहीत, हेही तुम्ही जाणता. कधी तुम्ही क्रम लावता तेव्हा तो अक्षरांच्या युनिकोड क्रमांकावरून लावता. मग ळ लच्या मागोमाग येतो आणि क्ष कच्या घोळक्यात जातो. आम्ही मुळाक्षरांत शिकलो तो क्रम ह, ळ, क्ष, ज्ञ असा आहे, आणि मराठीचा तो क्रम आंतरराष्ट्रीय प्रमाणात नोंदलेलाही आहे. पोस्टग्रेसमध्ये 2017 सालच्या दहाव्या आवृत्तीपासून तो मागता येतो. तुम्ही मागत नाही.

तुमचा बचाव मला पाठ आहे. "डेटाच चुकीचा आला, आम्ही काय करणार?" डेटा चुकीचा येतो, मान्य. 2017च्या कर्जमाफीच्या वेळी बँकांकडून 66 रकान्यांची माहिती मागवली होती. त्या ऑक्टोबरात यादी संकेतस्थळावर चढली आणि उतरवावी लागली, कारण एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली. पण महाशय, एकच आधार क्रमांक किती नावांवर आहे हे विचारायला ग्रुप बाय आणि हॅविंग अशी दोन कलमं लागतात. यादी चढवण्याआधी ती क्वेरी चालवणं हे ती काढणाऱ्याचंच काम. चुकीचा डेटा आला हे तुम्हाला आमच्या आधी कळू शकत होतं. कळून घेणं तुम्ही टाळलंत, आणि चूक शोधायचं काम पुराच्या पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसावर टाकलंत.

आणि तो ती शोधतो तेव्हा त्याच्यावर काय वेळ येते ते बघा. सातबाऱ्यावर संगणकातल्या चुकीनं क्षेत्र बदललं तर त्यानं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 155 खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज करायचा. प्रमाद तुमच्याकडचा, अर्ज त्याचा. जुने उतारे काढायचे, तारखा घ्यायच्या, खेटे घालायचे. तोवर अनुदानाची मुदत संपते.

हे काम नीट करता येतं, आणि याच राज्यात ते झालेलं आहे. 2017 साली संगणकावरचा सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झालं. उतारे लोकांसमोर मोठ्यानं वाचले गेले. ज्याचं चुकलं त्यानं तिथंच हात वर केला. 2020 साली सातबाऱ्याच्या नमुन्यात बदल केले गेले : लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची बेरीज दाखवायचं ठरलं, आणि नुसत्या कंसात अडकलेली मयतांची नावं व फेडलेल्या बोज्यांच्या नोंदी आडवी रेघ मारून दाखवायचं ठरलं. माहिती तीच, टेबलं तीच. बदलली ती छापायची तऱ्हा. एका आडव्या रेघेनं बँकेच्या दारातला "हा बोजा अजून आहे का?" हा वाद संपतो. कोणीतरी खुर्चीवर बसून, उतारा वाचणाऱ्या माणसाचा विचार केला, म्हणून ते झालं. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. तोच आदर तुमच्याबद्दल वाटावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

कायदाही आमच्या बाजूनं आहे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005च्या कलम 2 मध्ये, संगणकात साठवलेल्या माहितीचा छापील कागद मिळवणं हा हक्काचाच भाग धरलेला आहे. कलम 4 सांगतं की माहिती स्थानिक भाषेत, त्या भागात लोकांपर्यंत पोहोचेल अशा रीतीनं प्रसिद्ध करायची. रोमनमधून उलटवलेलं नाव, क्रम नसलेली चाळीस पानं, कोऱ्या नावाचे चौकोन : यांतलं काय पोहोचतं?

म्हणून या मागण्या. पुढची यादी काढण्याआधी त्या तुमच्या टेबलाशेजारी चिकटवून ठेवा.

1. प्रत्येक यादीच्या डोक्यावर तीन आकडे छापा : मूळ नोंदी किती, यादीत किती, वगळलेल्या किती. शेवटच्या दोघांची बेरीज पहिल्याशी जुळली पाहिजे.

2. वगळलेल्यांची वेगळी यादी त्याच दिवशी काढा, आणि प्रत्येक नावासमोर कारण लिहा : खातं जोडलेलं नाही, आधार जुळत नाही, पडताळणी बाकी आहे. कारण कळलं तर अर्ध्या लोकांचं काम आम्ही इथेच एका दुपारी करून देऊ.

3. गट नंबर, खाते क्रमांक आणि आधार ही अक्षरं माना, संख्या मानू नका. त्यांच्यावर कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही. आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाका. ते चाळीस पानांवर गावभर फिरवायची गोष्ट नाही.

4. क्षेत्राचे हेक्टर आणि आर दोन वेगळ्या रकान्यांत छापा, आर दोन अंकी.

5. नाव सातबाऱ्यावरून उचला. यादी गावाप्रमाणे, मग गट नंबराप्रमाणे लावा, आणि नावाची सूची मराठीच्या क्रमानं शेवटी जोडा.

6. सामाईक खात्यातलं प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीवर छापा. कागद दोन पानं जास्त लागला तर लागू द्या.

7. यादी कोणी काढली, कुठल्या तारखेच्या माहितीवरून काढली आणि कुठली अट लावून काढली, हे तळाशी मराठीत लिहा.

यांतल्या एकाही मागणीला नवा संगणक लागत नाही, निविदा लागत नाही, मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. तुमच्या हातात आहे तेवढ्यात हे सगळं होतं. राग त्याचाच आहे. दुष्काळ तुमच्या हातात नाही, पूर तुमच्या हातात नाही, कापसाचा भाव तुमच्या हातात नाही. यादी पूर्णपणे तुमच्या हातात होती.

अंतिम यादी जाहीर करण्याआधी ती एकदा गावात आणा. ग्रामपंचायतीसमोर बसा, नावं मोठ्यानं वाचा, आणि ज्याचं नाव आलं नाही त्याला त्याचं कारण तिथंच सांगा. जोवर हे होत नाही तोवर दिंद्रुडमध्ये तुमच्या यादीला कोणी अंतिम म्हणणार नाही. आम्ही ती कच्ची धरू, आणि गळालेल्या प्रत्येक नावासाठी माहितीच्या अधिकारात स्वतंत्र अर्ज टाकू. अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यात मूळ नोंदींची संख्या, लावलेली अट आणि वगळण्याचं कारण या तीन गोष्टी मागितल्या आहेत. मराठवाड्यातल्या ज्या गावाला तो हवा असेल त्यानं मागावा, आम्ही देऊ.

आपला,
दिंद्रुडच्या सेवा केंद्रातला एक संगणकचालक